उन्हाळी मुक्कामात मुंबईवर जीव जडावा म्हणून

परीक्षा संपल्या की इंटर्नशिपसाठी, एखाद्या अभ्यासक्रमासाठी किंवा नुसतेच मावशीकडे राहायला म्हणून दोन महिने मुंबईत येणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते, आणि त्यांतले बरेच जण जूनमध्ये परतताना घाम, गर्दी आणि घरभाडे या तीनच गोष्टींविषयी बोलतात. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. परंतु मुंबई ही यादी हातात घेऊन पाहण्याची जागा नव्हे. गेटवे, चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले दोन रविवारांत उरकले की पुढे काय करायचे हा प्रश्न पडतो आणि शहर परकेच राहते. हे शहर आवडू लागते ते वहिवाटीने, म्हणजे रोजची एक गाडी, ओळखीचा एक चहावाला, पायांखालचा एक रस्ता आणि ज्या वेळी जी जागा जिवंत असते त्या वेळी तिथे जाण्याची सवय यांमुळे. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र किंवा गोव्यातून प्रथमच इतका मोठा मुक्काम करायला येणाऱ्यांसाठी पुढील सूचना आहेत.

मे महिना या कामी गैरसोयीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तोच सोयीचा आहे. शाळांना सुट्टी लागली की कोकणातले चाकरमानी गावी निघतात, देशावरचे आणि उत्तरेकडचे लोकही आपापल्या घरी जातात, चाळींतल्या निम्म्या दारांना कुलपे दिसतात आणि एरवी ज्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते तिथे निदान हात हलवता येतो. नवख्या माणसाला शहर थोडी जागा करून देते ते याच दिवसांत.

मुक्काम

दोन महिन्यांसाठी अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि एजंटाची दलाली हा व्याप कोणालाच परवडत नाही, म्हणून पेइंग गेस्ट म्हणून किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने, जागा घ्यावी. खोली किती मोठी आहे यापेक्षा ती स्टेशनपासून पायी किती अंतरावर आहे हे आधी विचारावे. दहा मिनिटांत चालत स्टेशन गाठता येत असेल तर लहान खोलीही पत्करावी, कारण रिक्षाच्या रांगेत रोज संध्याकाळी अर्धा तास उभे राहणाऱ्याला कोणतेही शहर आवडत नाही. कचेरी अंधेरी किंवा वांद्र्याकडे असेल तर पश्चिम मार्गावर आणि भायखळा, फोर्ट किंवा ठाण्याकडे असेल तर मध्य मार्गावर राहावे. दोन मार्गांमध्ये रोज ये-जा करावी लागली तर दादरचा पूल चढण्याउतरण्यातच उत्साह संपतो. दादर, गिरगाव, विलेपार्ले, मुलुंड, ठाणे आणि डोंबिवली इथे मराठी खाणावळ, वाचनालय आणि नाट्यगृह हाताशी असते, म्हणून पहिल्या मुक्कामासाठी माझा कौल या वस्त्यांना आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मुंबईला सात तलावांतून पाणी येते: तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. मेमध्ये हा साठा तळाला जातो, पाणीकपातीची चर्चा सुरू होते आणि वर्तमानपत्रे तलावांची पातळी छापू लागतात. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ राहते, हे घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. पाण्यासाठी पहाटे उठणे हे सुरुवातीला संकट वाटते, पण त्या वेळी गॅलरीत बादल्या भरणाऱ्या शेजाऱ्यांशी जी ओळख होते ती दिवसभरात अन्य कोणत्याही वेळी होत नाही.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर एवढे पाळावे: जेवायला येणार नसल्यास दुपारीच कळवावे, सकाळी नाहणीघर अडवून ठेवू नये आणि लॅचची किल्ली पहिल्या दिवशीच मागून घ्यावी. वन रूम किचनमध्ये दोन महिने पाहुणा ठेवणारी मावशी जे देते त्याची किंमत भाड्यात होत नाही.

हवा

नागपूर-अकोल्याकडून येणाऱ्याला मुंबईचा ३३-३४ अंशांचा पारा किरकोळ वाटतो आणि तिथेच त्याची फसगत होते. तिकडचा उन्हाळा कोरडा असतो, इथे घाम वाळतच नाही. घरून कूलर आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण आधीच दमट असलेल्या हवेत पाणी उडेनासे होते आणि कूलर खोलीत केवळ चिकचिक वाढवतो. इथे पंखा, मोकळी खिडकी आणि समुद्रावरून येणारा वारा यांवरच भागवावे लागते. हा वारा दुपारच्या सुमारास पश्चिमेकडून वाहू लागतो आणि ज्या दिवशी तो उशिरा सुटतो त्या दिवशी सगळे शहर चिडचिडे होते, म्हणून खोली निवडताना पश्चिमेची खिडकी मिळत असेल तर ती सोडू नये. सुती कपडे, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक जादा रुमाल, दिवसातून दोनदा अंघोळ आणि अकरा ते चार उन्हात न हिंडणे, इतके केले की हवेची तक्रार बरीच कमी होते.

लोकल

बोरीबंदर, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि तेव्हापासून हे शहर रुळांच्या कडेकडेनेच वाढत गेले आहे. त्यामुळे लोकल जमली की शहराचे निम्मे काम झाले. पहिल्याच दिवशी महिन्याचा पास काढावा. त्यामागे पैशांची बचत हे एक कारण आहेच, पण पास खिशात असला की मधल्या कोणत्याही स्टेशनवर सहज उतरून पाहण्याची मुभा मिळते हे त्याहून मोठे कारण आहे. रोजच्या प्रवासातले एकेक अनोळखी स्टेशन आठवड्यातून एकदा असे उतरून पाहावे.

इंडिकेटरवर शेवटच्या स्थानकाचे आद्याक्षर, गाडी स्लो की फास्ट आणि डबे १२ की १५ इतकेच दिसते, आणि तेवढे पुरते. तिरके पट्टे रंगवलेला डबा प्रथम वर्गाचा असतो, त्यात चुकून शिरल्यास दंड होतो. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरण्याच्या इराद्याने चढू नये. त्या गाडीतल्या लांबच्या प्रवाशांना ते आवडत नाही आणि ती नापसंती ते बोलून दाखवतात. दादरला डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक आहेत, १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे, हे लक्षात ठेवल्यास तिथली निम्मी धावपळ वाचते.

बसायला जागा कशी मिळवतात हे मात्र जरा तपशिलाने सांगायला हवे, कारण मुंबईचा स्वभाव त्यात फार स्वच्छ दिसतो. बाकांच्या मधल्या जागेत शिरून बसलेल्या एका माणसाला "कुठे उतरणार?" एवढेच विचारायचे. तो वर न पाहता "घाटकोपर" म्हणतो आणि त्या क्षणी ती जागा तुमच्या नावावर होते. मागाहून आलेल्या कोणी त्यालाच विचारले तर तो तुमच्याकडे बोट दाखवून "यांना दिली" असे सांगतो, आणि घाटकोपर आले की उठताना शरीर तिरके करून तुम्हाला आधी आत घेतो, मग स्वतः बाहेर पडतो. कुठेही न लिहिलेला हा करार मोडलेला क्वचितच दिसतो. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा त्याच्या वाट्याला जेमतेम चार बोटांची जागा येते, तरी "जरा सरकता का?" असे विचारल्यावर तिघेही सरकल्यासारखे करतात. उतरायचे असेल तर निदान दोन स्टेशने आधी दाराकडे सरकावे आणि पुढच्याला "दादर?" असे विचारावे. तो मान हलवील तर त्याच्यामागे राहावे, नाही म्हणाला तर त्याला ओलांडून पुढे व्हावे. महिलांच्या डब्यात हे सगळे असतेच, शिवाय क्लिपा आणि कानातली विकणाऱ्या बायका, संध्याकाळच्या गाडीत मांडीवर भाजी निवडणाऱ्या गृहिणी आणि वर्षानुवर्षे एकाच गाडीने जाणाऱ्या मैत्रिणींचे गट असतात. एकच गाडी आणि एकच डबा धरून ठेवला की तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी तुमची पिशवी मागून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवते, आणि तुम्ही न दिसल्यास दुसऱ्या दिवशी चौकशी करते.

दारात लटकू नये आणि रूळ ओलांडू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली आहे. ती गार आणि वेळेची बचत करणारी आहे, पण तिच्यातून शहर दिसत नाही, म्हणून भर दुपारपुरती तिची मदत घ्यावी. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत. तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. मीटरवर जाणे ही इथली रीत आहे, घासाघीस करावी लागत नाही. बोलताना मराठीतून सुरुवात करावी. समोरचा हिंदीत वळला तर आपणही वळावे, पण पहिले वाक्य मराठीत असले की पुष्कळदा समोरच्याचे गाव कोणते तेही कळते.

कोणत्या वेळी कुठे

सकाळ बाजारांची असते. दादर पश्चिमेच्या पुलाखालचा फुलबाजार पाहायचा तर सातच्या आत पोचावे. झेंडूचे ढीग, ओल्या पोत्यांखाली झाकलेले मोगऱ्याचे गजरे आणि डोक्यावर टोपली घेऊन "बाजू, बाजू" करत निघालेले हमाल नऊनंतर दिसत नाहीत. मे हा फुललेल्या झाडांचाही महिना आहे. माटुंग्याचे पाच उद्यान आणि हिंदू कॉलनीचा परिसर सकाळी पायी हिंडावा, म्हणजे गुलमोहर, सोनमोहोर, बहावा आणि जांभळ्या तुऱ्यांचा ताम्हण हे सगळे एका फेरीत भेटतात.

दुपार छपराखाली घालवावी. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या मानाने ते लहान आहे, पण मुंबईची ओळख करून घ्यायला मला तेच अधिक उपयोगी वाटते, कारण तिथले नकाशे, मातीच्या बाहुल्या आणि छोट्या प्रतिकृती या शहरातल्याच माणसांच्या आहेत. संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे, त्याच्यापाशी थांबावे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. इंग्रजांनी तो विलायतेला नेण्याचा घाट घातला, त्यात तो मोडला आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. त्यानंतरच्या एखाद्या सुट्टीच्या सकाळी गेटवेहून पहिल्या लाँचने घारापुरीला जावे. सोमवारी लेणी बंद असतात आणि दहानंतर पायऱ्या तापतात. हत्ती आधी पाहिलेला असला की बेटावर पाऊल ठेवताना ती केवळ सहल राहत नाही, आणि लेण्यातली सुमारे २० फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ती अंधाराला डोळे सरावेपर्यंत शांतपणे पाहता येते.

संध्याकाळ चालण्यासाठी राखून ठेवावी, आणि एकच रस्ता निवडायचा असेल तर ओव्हल मैदानाचा निवडावा. मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभे राहिले की पूर्वेला १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय यांचे टोकदार कमानींचे काळे-पिवळे दगड दिसतात, तर पश्चिमेला १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींचे गोल सज्जे आणि रंगीत पट्टे दिसतात. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. मध्ये मात्र कोणाचेही लक्ष तिकडे नसते, कारण तिथे एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने चालू असतात आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीलगत उभा असतो. तिथून चर्चगेट ओलांडून मरीन ड्राइव्हला सातच्या सुमारास पोचावे, कारण मेमध्ये सूर्य सातनंतरच बुडतो. कठड्यावर बसायला तिकीट लागत नाही आणि तासन्तास बसले तरी कोणी उठवत नाही, ही या महागड्या शहरातली फार मोठी सवलत आहे.

गिरगाव मात्र रविवारी सकाळी पाहावे. खोताच्या वाडीतली लाकडी घरे आणि केशवजी नाईक चाळ, जिथला गणेशोत्सव १८९३ पासूनचा मानला जातो, ही ठिकाणे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. लोक तिथे राहतात, तेव्हा त्यांच्या दारात उभे राहून विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

आंबा आणि मसाला

उन्हाळ्यात मुंबईकराच्या घरी काय चालते ते बाजारात कळते. हापूस अक्षय तृतीयेनंतर हळूहळू आवाक्यात येऊ लागतो. महात्मा फुले मंडईत, म्हणजे जिला अजूनही सगळे क्रॉफर्ड मार्केट म्हणतात तिथे, हिंडून पाहावे, पण खरेदी मुक्कामाजवळच्या नेहमीच्या विक्रेत्याकडे करावी, कारण देवगड-रत्नागिरीच्या नावावर इतर प्रांतांतला आंबा सर्रास खपवला जातो आणि फसल्यास परत जाऊन भांडण्यासारखा माणूस ओळखीचा असावा लागतो. फळ दाबून पाहू नये. देठापाशी वास घ्यावा. अंगभर एकसारखे पिवळेजर्द फळ घेण्यापेक्षा किंचित हिरवट, गवतात आढी घालून पिकवता येईल असे घ्यावे. कापल्यावर आत पांढरट साका निघाला तर पुढच्या खेपेला विक्रेत्याला सांगावे. चांगला विक्रेता एखादे फळ बदलून देतो आणि तिथून ओळख सुरू होते. स्टेशनाबाहेर पालघर-बदलापूरकडच्या बायका पानांच्या द्रोणांत करवंदे, जांभळे आणि ताडगोळे घेऊन बसतात. ताडगोळा सोलून तिथेच खावा, डब्यात भरून नेल्यास त्याची गोडी जाते.

याहून अस्सल अनुभव लालबागचा आहे. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला करून घेण्यासाठी सगळ्या उपनगरांतून बायका इथल्या मसाल्याच्या गल्लीत येतात. बेडगी आणि काश्मिरी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, असे मिरचीचे प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे असते आणि ते घरातल्या मोठ्या बाईच्या तोंडी पाठ असते. मिरच्या तोलल्या की धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री यांची पुडकी बांधली जातात, सगळे मोठ्या कढईत भाजले जाते आणि मग कांडपाच्या यंत्रापुढे रांग लागते. आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून बाई यंत्रासमोरून हलत नाही. नाकावर पदर, डोळ्यांतून पाणी आणि तरीही लक्ष उखळात पडणाऱ्या लाल भुकटीवर. नवख्याने तोंडाला रुमाल बांधून कडेला उभे राहावे, शिंका येतील त्या येऊ द्याव्यात आणि पाव किलो मालवणी मसाला घरच्यांसाठी घ्यावा. याच लालबाग-परळच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने लाखो कामगारांचे आयुष्य उलटेपालटे केले. गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आणि मॉल आहेत, परंतु मसाल्याची गल्ली, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा अजून आहेत. हे ठाऊक असलेला माणूस तिथल्या मॉलमध्येही थोडा वेगळ्या नजरेने फिरतो.

शनिवार-रविवारी नाटक. दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, माटुंग्याचे यशवंत, यांपैकी जे जवळ असेल तिथे तिकीट खिडकीवर जाऊन मागच्या रांगांचे तिकीट काढावे. तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसावे आणि मध्यंतरात बटाटेवडा घ्यावा. सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोगही लागतात. भाचरे असतील तर त्यांना नेण्याचे काम आपण होऊन अंगावर घ्यावे, मावशी सुटकेचा श्वास टाकील. नाटकानंतर दादरला पीयूष किंवा कोकम सरबत पिऊन शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसावे. तिथे रात्री दहापर्यंत राजकारण, क्रिकेट आणि गुडघेदुखी या विषयांवर फुकट ऐकायला मिळते.

जून

परतीचे आरक्षण शक्यतो जूनच्या तिसऱ्या आठवड्यातले करावे. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला. तेव्हा पाण्यावरची सगळी कामे मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी उरकावीत: घारापुरी, वर्सोव्याहून मढला जाणारी छोटी होडी, गेटवेहून मांडव्याची लाँच. समुद्र खवळू लागला की या फेऱ्या कमी होतात किंवा बंद पडतात. १ जूनपासून मासेमारीवर बंदी येते, म्हणून ताजे पापलेट-सुरमई मेमध्येच खाऊन घ्यावी आणि कोळणींकडे सुके बोंबील, सुकट, जवळा यांची पावसाळ्याची खरेदी चाललेली पाहावी. विकत घेतल्यास दोन पिशव्यांत बांधावे, नाहीतर परतीच्या गाडीतले सहप्रवासी बोलतील.

पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रातल्या तलावांच्या पातळीशेजारी भरतीची वेळही पाहण्याची सवय लावावी. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले तर हिंदमाता, सायन, कुर्ला आणि सांताक्रूझचा मिलन सबवे इथे पाणी भरते आणि गाड्या रखडतात. अशा दिवशी घाईने निघू नये. मोबाइल पूर्ण चार्ज केलेला असावा, पिशवीत बिस्किटांचा पुडा आणि कोरडे कपडे असावेत, आणि रात्र काढता येईल असे कचेरीजवळचे एक घर आधीपासून विचारून ठेवलेले असावे. इतक्या दिवसांत लोकलच्या त्याच डब्यात किंवा कचेरीत असे एखादे घर तुम्हाला मिळालेले असेलच.